आठवा माणूस

न्यू जर्सीत घरच्या ओव्हनमध्ये भाजलेली नानकटाई विकणं २०२१च्या ऑक्टोबरपर्यंत नियमात बसत नव्हतं. अमेरिकेतल्या बाकीच्या राज्यांनी घरगुती खाद्यपदार्थांच्या विक्रीला या ना त्या रूपात परवानगी देऊन टाकली होती. आमचं राज्य सगळ्यात शेवटचं. काही बायका कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे परवाना निघाला. दोन वर्षांसाठी १०० डॉलर फी, वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत, आणि जिन्नस असे की जे फ्रिजबाहेर राहिले तरी नासत नाहीत. ब्रेड, केक, बिस्किटं, मुरंबे चालतात. वरणभात, पोळीभाजी चालत नाही; त्यासाठी तपासणी झालेलं व्यावसायिक स्वयंपाकघरच लागतं.

मी ही बातमी बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते पहिल्यांदा हसले आणि मग म्हणाले, "म्हणजे आई इथंही गुन्हेगारच ठरली असती."

"इथंही" या शब्दात आमच्या घराचा पन्नासेक वर्षांचा वाद भरलेला आहे. आजोबा लाल बावट्याचे आणि आजी खाणावळवाली. ती कामगार की मालक, हे आमच्या घरात कधीच ठरलं नाही.

वेस्ट विंडसर ही प्रिन्स्टनच्या कुशीतली १७९७ सालची टाउनशिप. एका बाजूला रूट वन, मधून न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाची रेल्वे, उरलेली शेतं दर वर्षी थोडी थोडी घरांखाली जाताहेत. १९३८ साली ऑर्सन वेल्सच्या रेडिओ-नाटकात मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरले ते इथल्याच ग्रोव्हर्स मिलमध्ये. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते खरं वाटून धावपळ झाली. त्याचं स्मारकही आहे, तळ्याकाठच्या बागेत. प्रत्यक्षात पुढे येऊन उतरलो ते आम्ही, भारतीय आणि चिनी. आणि आमच्यामागून, सहा महिन्यांच्या व्हिसावर किंवा कायमचे, उतरले आमचे आईबाप. सकाळी नऊनंतर मुलं शाळेत आणि सुना-मुलं कामावर गेली की इथल्या पदपथांवर फक्त म्हातारी माणसं दिसतात. हात पाठीमागे बांधून चालणारे चिनी आजोबा, स्वेटरवर साडी की साडीवर स्वेटर असा घोळ घातलेल्या आपल्या आज्या. भाषा येत नाही म्हणून हसून पुढे जातात. आमच्या शेजारच्या आजींचं आणि बाबांचं मात्र जमलं, कारण आजींची सून घरून काम करते आणि दोघांच्या मधे बसून इंग्रजीतून इकडचं तिकडे करण्याइतकी तिला हौस आहे. सुनेचं इंग्रजी मी मराठीत आणते. अशा दोन-तीन हातांतून आलेल्या गोष्टी इथे लिहिते आहे. त्यात थोडं सांडलं असेल.

आधी आमची बाजू.

आजी साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली तेव्हा खोली दहा बाय बाराची, आणि तीत नवऱ्याखेरीज गावचे आणखी चार पुरुष राहत होते. आजोबा गिरणीत साचेखात्यात. मुंबईत कम्युनिस्टांचं राज्य कधीच आलं नाही, पण आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ते बरीच वर्षं होतं. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन १९२८ सालची; त्या वर्षीच्या सहा महिन्यांच्या संपातून वाढलेली. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन ठेवली आणि ती मान्यता गेली काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. आजोबांच्या लेखी तो कायदा म्हणजे मालकाने मालकासाठी केलेला. करार संघ करायचा, माणसं लाल बावट्यामागे जायची. दुसऱ्या मजल्यावर शाहीर अमर शेखांचा आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला, अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले त्याचं अप्रूप सगळ्यांना, आणि 'सोव्हिएत देश'ची गुळगुळीत पानं पोरांच्या पुस्तकांना कव्हर म्हणून घातलेली. ट्रॅक्टरवर बसलेली रशियन बाई बाबांच्या गणिताच्या वहीवर वर्षभर हसत होती.

गावाहून आलेल्या एकट्या पुरुषांना जेवायला घालण्याचा धंदा गिरणगावात बायकांनीच उभा केला. कुणी त्याला धंदा म्हणत नसे. "चार माणसं जेवतात आमच्याकडं," एवढंच म्हणायचं. आजीकडे ती चारांची वीस झाली, मग तीस. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून जेवणाच्याही तीन. सकाळी सातच्या पाळीवाल्यांचे डबे पहाटे पाचला भरून तयार, दुपारी साडेतीनला सुटलेले पहिले, रात्री बाराला सुटलेले शेवटचे. माणसं खोलीत मावत नसत म्हणून पंगती गॅलरीत. भाकरी की चपाती हा प्रश्न नव्हता. साताऱ्याच्या माणसाला भाकरीच. रविवारी मटण. गावी गेलेल्याचे खाडे मोजून कापायचे, आणि खाड्यांवरून भांडण झालं नाही असा महिना जात नसे. रेशनकार्डं माणसं तिच्याकडेच ठेवत. धान्य, साखर, रॉकेल यांच्या रांगेत ती कार्डांचा गठ्ठा घेऊन उभी राही आणि मागची बाई म्हणे, "ही काय गाव जेवायला घालती का?" घालतच होती.

हिशेबाची वही लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. आजीला अक्षर येत नव्हतं. वही बाबांनी, म्हणजे त्या वेळच्या शाळकरी पोराने, लिहिलेली. एकेका माणसाचं एकेक पान. ती वही अजून आमच्या बोरिवलीच्या घरात आहे आणि बाबा ती कुणाला हात लावू देत नाहीत.

आता या व्यवहारात पैसा कुठून येत होता, ते बघा. माणसं महिन्याच्या पगाराला पैसे देत. शिधा मात्र रोज लागे. मधला महिना वाण्याच्या उधारीवर. वाणी भाव चढा लावी, वर व्याज घेई, आणि आजी तक्रार करू शकत नसे कारण तिच्याजवळ दुसरा वाणी नव्हता. म्हणजे वाण्याचं भांडवल आजीच्या चुलीतून जाऊन कामगाराच्या पोटात पडे, आणि तो कामगार त्या बळावर भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देई. मी हे थट्टेने म्हणत नाही. संप एका माणसाच्या छातीवर होत नाही, त्याला रोज दोन वेळा भाकरी लागते. संप किती दिवस टिकेल हे जितकं पुढाऱ्यावर अवलंबून असे तितकंच दुसऱ्या मजल्यावरची बाई किती दिवस उधार देईल यावरही असे. गिरणी संपांचे इतिहास मी बरेच वाचले. पुढारी, वाटाघाटी, गोळीबार, निधी, सगळं सविस्तर असतं. खाणावळवाल्यांना बहुतेकांत एखादं वाक्य मिळतं, तेही कृतज्ञतेचं. हिशेबात त्यांना कुणी धरत नाही.

चाळीत एक कॉम्रेड अभ्यासवर्ग घ्यायचे. भला माणूस, आमच्याकडेच जेवायचे. त्यांनी एकदा बायकांना सांगितलं की लेनिनने १९१९ सालीच लिहून ठेवलंय: चूल आणि धुणीभांडी बाईला चिरडतात, तिला मोकळं करायचं तर सार्वजनिक भोजनगृहं काढली पाहिजेत. रशियात सरकारने ती काढली. तिथे कुणाला घरी रांधावं लागत नाही, कामावरून सुटायचं आणि जाऊन जेवायचं. बायका अवाक् झाल्या. आजीने भांडी घासता घासता विचारलं, "तिथं उधारी मिळती का?"

कॉम्रेड म्हणाले, तिथे उधारीची गरजच नाही. आजीला ते पटलं नाही. तिच्या मते उधारीची गरज नाही असं ठिकाण पृथ्वीवर नव्हतं, आणि जो म्हणतो की आहे, त्याच्या घरी कुणीतरी बाई ती गुपचूप सांभाळत असते. आजोबांना या प्रश्नाचा राग आला होता म्हणे. वर्गात बायकोने धंद्याची गोष्ट काढली! ते खाणावळीबद्दल चारचौघांत बोलत नसत. पाळी नसेल तेव्हा दार लोटून भाजी निवडून देत, पण दार लोटून.

कॉम्रेडनी सांगितलेलं सरकारी भोजनगृह आमच्या शेजारच्या आजींनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. त्या जज्यांग प्रांतातल्या, वेन्झौ शहराजवळच्या एका गावातल्या. त्यांच्या वडिलांचं शेवयांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक चूल, आणि पीठ मळायला घरचीच माणसं. १९५६ साली देशभरच्या अशा दुकानांबरोबर तेही सहकारी संस्थेत गेलं. वडील त्याच फळीमागे उभे राहून शेवया करत राहिले, फक्त आता पगारावर. ते नाराज नव्हते, असं आजी मुद्दाम सांगतात. गिऱ्हाईक आलं नाही तरी पगार मिळतो याचं त्यांना नवल वाटे. पुढे मात्र शेवया जाड व्हायला लागल्या. बारीक काढायला हात जास्त दुखतो, आणि पगार तोच.

१९५८ साली कम्यून आले. घरच्या चुली बंद, सगळ्यांनी भोजनगृहात जेवायचं. लोखंड गोळा करून गावच्या भट्टीत पोलाद करायचं म्हणून कढया गेल्या. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. पहिले काही आठवडे मजा होती, त्या म्हणाल्या; पोट फुटेस्तोवर जेवलो, भात दुसऱ्याचा असल्यासारखा. मग भाताची पेज झाली, पेजेचं पाणी झालं. १९६१पर्यंत भोजनगृहं मोडली आणि लोकांना परत घरी रांधा असं सांगण्यात आलं, पण घरी कढई नव्हती. त्या तीन वर्षांबद्दल त्या याहून जास्त बोलत नाहीत आणि सूनही विचारत नाही.

बाबांनी हे ऐकलं आणि गप्प झाले. ते स्वतः कधी पक्षात नव्हते, महापालिकेत कारकून म्हणून निवृत्त झाले. पण बापाची निष्ठा घरात वारशाने येते, भांड्यांसारखी. थोड्या वेळाने म्हणाले, "पण मूळ कल्पना वाईट नव्हती. आईला बाराला झोपून चारला उठावं लागायचं." यावर आजी म्हणाल्या की कल्पना चांगलीच होती, त्यांच्या आईलाही आवडली होती.

त्यांच्या सासूची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. सत्तरच्या दशकाची सुरुवात, सांस्कृतिक क्रांतीचे दिवस. आजींचा नवरा सरकारी अवजार-कारखान्यात, त्या स्वतः खोकी बनवण्याच्या कामशाळेत, दोघांच्या पगारात पाच माणसं. धान्याची कुपनं मोजून मिळायची. १९५५ला सुरू झालेली ती कुपनं थेट १९९३पर्यंत चालली. सासू रात्री तांदळाचे उकडलेले गोळे करी आणि पहाटे बसथांब्यावर टोपलीवर फडकं टाकून विके. त्या काळी याला भांडवलशाहीचं शेपूट म्हणत, आणि शेपटं कापायची मोहीम होती. सट्टेबाजी आणि नफेखोरी हा मोठा गुन्हा. तो फौजदारी कायद्यातून गेला १९९७ साली. सासू पकडली गेली, टोपली गेली, आणि कारखान्याच्या सभेत तिच्या मुलाला उठून तिच्याविरुद्ध बोलावं लागलं. आपल्या आईची वृत्ती मागासलेली आहे आणि आपण तिला सुधारू, असं काहीतरी. घरी आल्यावर सासूने त्याला विचारलं, माझे गोळे खाल्लेस ते कुठल्या वृत्तीने खाल्लेस? पुढच्या महिन्यात ती परत बसथांब्यावर. मुलगा कामावर जाताना रस्ता बदलून जाई, म्हणजे तिला पाहिलं असं होऊ नये.

दार लोटून भाजी निवडणारे आजोबा मला इथे आठवले. त्यांना कुणी सभेत उभं केलं नाही, त्यांची टोपली कुणी नेली नाही. दोन्हींत फरक फार मोठा आहे आणि तो पुसून टाकू नये. मुंबईत लाल बावटा हे आजोबांनी स्वतः निवडलेलं घर होतं, चीनमध्ये तो छपरासारखा सगळ्यांच्या डोक्यावर होता. पण बायकोच्या किंवा आईच्या धंद्यावर घर चालतं आहे हे कबूल करण्याची लाज दोन्हीकडे एकाच विचाराने दिली होती. कामगार म्हणजे जो दुसऱ्याकडे मजुरी करतो. विकणारा म्हणजे शत्रूच्या बाजूचा. चुलीपाशी बसून तीस माणसांचं विकणारी बाई कुठल्या बाजूची, याला उत्तर नव्हतं.

त्याला उत्तर शोधलं एका कम्युनिस्ट बाईनेच, हे या सगळ्या गोष्टीतलं मला फार आवडणारं वळण. प्रेमा पुरव मूळच्या गोव्याच्या, कोवळ्या वयात गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, पुढे मुंबईत पक्षाच्या आणि गिरणी कामगार बायकांच्या कामात. १९७३-७४च्या ४२ दिवसांच्या संपात त्यांनी पाहिलं की संपवाल्यांना जेवू घालणाऱ्या बायका कर्जात बुडाल्या आहेत. भांडी गहाण, मंगळसूत्र गहाण. कामगार संप संपल्यावर पगाराला लागतो. खाणावळवालीचं व्याज संपातही चालूच असतं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, पहिल्या तुकडीत चौदा बायका, आणि त्यांना बँक ऑफ बडोदाच्या दारात नेलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ला झालेलं, गरिबाला कर्ज द्या असा वरून हुकूम, पण अंगठा उठवणाऱ्या, घरात तारण नसलेल्या बाईला कर्ज द्यायचं कसं ते बँकेलाही ठाऊक नव्हतं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. एकीने बुडवलं तर गटाने भरायचं.

आजी नंतरच्या एका गटात गेली. आजोबांचा विरोध दोन प्रकारचा होता. एक, कर्ज म्हणजे कर्जच, वाण्याचं काय आणि बँकेचं काय. दोन, संपवाल्याच्या बायकोने बँकेत जाऊन "माझा व्यवसाय" असं सांगायचं? आजी म्हणाली, तुमच्याच पक्षाची बाई नेती आहे. यावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही. गटात समोरच्या खोलीतली खाणावळवालीही होती. तिचं आणि आजीचं माणसं पळवण्यावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आता दोघी एकमेकींना जामीन. हप्त्याच्या दिवशी दोघी गॅलरीच्या दोन टोकांना उभ्या राहून एका पोराकरवी निरोप पाठवत: "तिला विचार, भरलं का?" ते पोर म्हणजे माझा काका. हा किस्सा सांगताना आजी पोट धरून हसायची. वाण्याची उधारी तिने पहिल्यांदा फेडली तेव्हा वाणी नाराज झाला, असंही सांगायची. तो म्हणाला होता, माझ्याकडून काही चुकलं का?

आजोबा मात्र शेवटपर्यंत जनगणनेच्या मास्तराला सांगत राहिले, बायको घरीच असते.

तिकडे चीनमध्ये १९७८नंतर वारं फिरलं. सांस्कृतिक क्रांतीत खेड्यांत धाडलेली शहरी तरुण पोरं लाखांनी परतली आणि सरकारकडे द्यायला नोकऱ्या नव्हत्या. तेव्हा ज्या शेपटावर काल कोयता चालवला तेच वाढू द्यावं असं ठरलं. बीजिंगमध्ये ल्यू ग्वीश्यान नावाची एक बाई, नवरा कारखान्याच्या खाणावळीत आचारी, घरात मुलंबाळं. ती जेवणघराच्या परवान्यासाठी कचेरीत रोज खेटे घालू लागली. कचेरीवाल्यांना असा परवाना कसा असतो तेच माहीत नव्हतं. ३० सप्टेंबर १९८० रोजी तिने आपल्या गल्लीतल्या घरात चार टेबलांएवढ्या जागेत दुकान उघडलं. जवळ ३६ युआन होते, त्यांची चार बदकं आणली, कारण धान्य, तेल, डुकराचं मांस सगळ्याला कुपन लागे आणि बदकाला लागत नसे. गर्दी लोटली. तरी शेजारपाजार आणि नातलग भेदरलेले: उद्या वारं परत फिरलं तर? १९८१च्या चिनी नववर्षाला दोन उपपंतप्रधान तिच्या घरी शुभेच्छा द्यायला आले, तेव्हा लोकांची खात्री पटली.

शेजारच्या आजींच्या वेन्झौमध्ये चांग ह्वामेई नावाची एकोणीस वर्षांची मुलगी दारापुढे टेबल मांडून बटणं आणि किरकोळ वस्तू विकत असे. ११ डिसेंबर १९८० रोजी तिला वैयक्तिक व्यवसायाचा परवाना मिळाला, क्रमांक १०१०१. देशातला असा पहिला परवाना म्हणून तो आज ओळखला जातो. मी आजींना विचारलं, तुम्ही घेतला का परवाना? त्यांनी हात झटकला. परवाना घेणं म्हणजे आपलं नाव, पत्ता आणि गुन्हा स्वतःच्या हाताने लिहून देणं, असं त्यांच्या सासूचं मत. सासू विनापरवाना विकत राहिली. दोन वर्षांत ती किती शहाणी होती ते दिसलं. १९८२ साली वेन्झौजवळच्या ल्यूशी गावातले आठ मोठे धंदेवाले, स्क्रू विकणारा, जुन्या मालाचा व्यापारी असे, 'राजे' म्हणून धरपकडीच्या यादीत आले. काही तुरुंगात गेले, काही परागंदा झाले. १९८४ला त्यांना निर्दोष ठरवलं. दोन वर्षं गावात दिवसा कुणी स्क्रू विकेना.

तेच १९८२ आमच्याकडे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. आजोबांचा बावटा तोवर फिका पडला होता. ते सामंतांना मानत नव्हते, तरी संपावर गेले, कारण संप फोडायचा नसतो. त्या संपाचं पुढे काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजीच्या पानांवर पहिले तीन महिने आकडे भरून गेले. मग माणसं एकेक करून गावी जाऊ लागली, खाड्यांच्या खुणा वाढल्या. काही पानांवर नुसतंच शेवटचं नाव आणि खाली कोरं. बँकेचा हप्ता तिने आणि समोरचीने मिळून भरला, कधी हिचे चार, कधी तिचे सहा. खाणावळ १९८४ला बंद झाली. आजोबा परत गिरणीत गेले नाहीत. त्यांनी लोटलेलं दार उघडून घराबाहेर भाजीची टोपली मांडली, तीही कुणाला न सांगता. रस्त्यावर बसून भाजी विकणाऱ्या साचेवाल्याला कुणी भांडवलदार म्हणालं नाही एवढं खरं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या वाहनतळावर भरणाऱ्या शनिवारच्या शेतकरी बाजारात गेलो होतो. २००४पासून भरतो तो. टोमॅटोचा भाव विचारून शेजारच्या आजींनी असा चेहरा केला की विकणारा मुलगाच ओशाळला. मग सावलीत बसल्यावर त्यांनी बाबांना चीनचा जुना नियम सांगितला. १९८१ साली सरकारने ठरवलं होतं: वैयक्तिक धंदेवाल्याने फार तर दोन मदतनीस आणि पाच शिकाऊ ठेवावेत. सातपर्यंत तो कष्टकरी. आठवा माणूस ठेवला की शोषक. हा आकडा म्हणे थेट मार्क्सच्या 'भांडवल'मधल्या एका उदाहरणातून काढला होता, जिथे तो आठ मजूर ठेवणाऱ्या मालकाचं गणित मांडतो. वुहू शहरातल्या न्येन ग्वांगच्यू या कलिंगडाच्या बिया भाजून विकणाऱ्या माणसाने शंभरावर माणसं ठेवली, तेव्हा मोठा वाद झाला. शेवटी १९८४ला डेंग श्याओपिंगनीच सांगितलं की राहू द्या त्याला, समाजवाद काही बुडत नाही. न्येनला स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं, आणि त्याच्यावरून देशातले अर्थशास्त्री मार्क्सची पानं उलटत होते. मला हे अजून नीट पचलेलं नाही.

"तुमच्या आईकडे किती माणसं राबायची?" आजींनी विचारलं.

बाबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. आई. आत्या. गावाहून आणलेली चुलत बहीण. डबे पोचवायला धाकटे दोघे भाऊ. हिशेबाला मी. दार लोटून वडील. "सात," ते विजयाने म्हणाले. आणि मग त्यांना आठवलं. "आणि भांडी घासायला एक बाई यायची. खालच्या मजल्यावरची."

सून खळखळून हसली आणि तिने ते आजींना सांगितलं. आजी हसल्या नाहीत. त्यांनी हिशेब सरळ केला: मालकीण धरायची नाही, ती स्वतः राबते. घरची माणसंही धरायची नाहीत. म्हणजे उरली एकच, भांडीवाली. तुम्ही अगदी नियमात होता.

बाबांना बरं वाटलेलं दिसलं. इतक्या वर्षांनी, तेही चीनच्या नियमाने, त्यांची आई कष्टकऱ्यांत जमा झाली होती. तेवढ्यात आजींनी पुढचं विचारलं: त्या बाईला पगार काय होता?

"दोन वेळचं जेवण," बाबा म्हणाले. "आणि महिन्याचे काही."

संपाच्या महिन्यांत?

बाबा वहीबद्दल बोलू लागले. वही त्यांना पाठ आहे. कुणाचं पान कुठे, कुणाचे किती राहिले, कोण गावाहून पाच वर्षांनी येऊन देऊन गेला. पण त्या वहीत फक्त येणं लिहिलेलं आहे. आजी देणं तोंडी ठेवायची. भांडीवालीचं पान नाही. ८२च्या संपात तिला काही मिळालं की तीही उधारीवर भांडी घासत राहिली, आणि तसं असेल तर ते नंतर कुणी फेडलं का, हे बाबांना सांगता येईना. त्यांनी बोरिवलीला काकांना फोन लावून विचारलं. काकांनाही ती बाई आठवत होती, पगार नाही.